उंदरांची हद्दपारी

उंदराशी आदरानं बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साहेब होता. पिंजऱ्याचं दार वर उचलून, दोन पावलं मागं सरून ते आतल्या प्राण्याला म्हणत, "चला, उतरा आता. संबाळून जावा." उंदीर उतरे आणि झाडीत पळे. मी त्या वेळी सहसा एखाद्या उंच दगडावर उभा असे.

त्यांचं नाव सांगत नाही. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे, मीही तेच म्हणतो. आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीच्या बाजूच्या एका चिमुकल्या संस्थानातलं. नदीच्या अलीकडे राजेसाहेबांचा अंमल आणि पलीकडे सातारा जिल्हा, म्हणजे खालसा, इंग्रजांचा मुलूख. अण्णा नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा एकुलता एक कारकून. महायुद्धाचे दिवस होते. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो, शाळेच्या पुस्तकात जंतूंची चित्रं पाहिली होती, त्यामुळे गावाचं आरोग्य आपल्यामुळेच टिकून आहे असं मला मनापासून वाटायचं.

अण्णा जैन होते. आमच्याकडचे जैन बहुतेक शेतकरी, रापलेले, बोलण्यात जरा कानडी हेल असलेले. अण्णांचं घराणंही तसलंच. सूर्य बुडायच्या आत जेवण, आणि पाणी प्यायचं ते गाळूनच. कोटाच्या एका खिशात पितळी पेला, दुसऱ्यात गाळायचं फडकं. डोक्यावर पांढरी टोपी आणि तिच्यावर खात्यानं दिलेली भेंडाची सोला हॅट, दोन्ही एकदम. कुणी हसलं तर सांगत, "खालची माजी हाय, वरची सरकारची." माझा डोळा तेव्हापासूनच वरच्या टोपीवर होता.

नगरपालिकेच्या सभेत खिडकीतलं ऊन तांबूस झालं की अण्णा उठत. अध्यक्ष म्हणत, "अण्णा, महत्त्वाचा विषय चाललाय." अण्णा हात जोडत. "चालू द्या की. सूर्य काय थांबत न्हाई वं." आणि जेवायला घरी जात. त्यांच्या मागं खात्याची बाजू मी मांडायची असे. मी काय मांडत होतो ते मला तेव्हाही कळत नव्हतं, पण सभासद जांभया देत आणि विषय मंजूर होई.

आता गंमत अशी की या खात्याचं निम्मं काम मारण्याचं. डास मारा, ढेकूण मारा, उंदीर मारा. इतर गावांत गटारांवर रॉकेल ओतत. युद्धामुळे रॉकेल दिव्यालासुद्धा मिळेनासं झालं तेव्हा सगळे हळहळले, अण्णा तेवढे खूश झाले. पाटी-फावडं घेतलेली माणसं बरोबर घेऊन ते गावातलं एकेक डबकं बुजवत हिंडले. "डास जल्मालाच आला न्हाई तर मारायचं पाप कुनाला?" असा त्यांचा हिशेब होता. त्या साली गावात हिवताप इतका कमी झाला की सांगलीहून माणसं पाहायला आली. त्यांना मी 'शास्त्रीय उपाययोजना' समजावून सांगितली. अण्णा शेजारी उभे राहून मान डोलवत होते.

मटणाच्या बाजाराची तपासणीही त्यांच्याकडेच होती. तपासणीच्या दिवशी ते कडक उपास करत आणि उजाडता उजाडता उंबऱ्याशी जाऊन उभे राहत. भिंतीला चुना आहे का, जाळी फाटलीय का, पाणी कुठलं, सगळं बघत. रसूलभाई नावाचे एक जुने मटणवाले होते. ते एकदा मला म्हणाले, "ह्येच्या आदीचा इन्स्पेक्टर बरा व्हता गड्या. एक तंगडी घ्याचा आन् डोळं मिटायचा. ह्यो तंगडी बी घेत न्हाई आन् डोळं बी मिटत न्हाई." एकदा त्यांनी अण्णांनाच विचारलं, "आवं, तुमी खात न्हाई, मग एवढं बारीक कशापायी बघता?" अण्णा म्हणाले, "खानाऱ्यानं खायाचं ठरवलंय. आजारी पडायचं न्हाई ठरवलेलं." रसूलभाईंनी दुसऱ्या दिवशी नवी जाळी बसवली.

परत येताना मी आपलं शहाणपण दाखवलं. म्हटलं, "अण्णा, तुमच्या धर्मात हे पाप नाही का?"

"आसंल की. पर पगार त्याच्यासाठीच घेतोय न्हवं?" मग थोडं चालून म्हणाले, "बघा रावसाहेब, मी मारत न्हाई आन् दुसऱ्याला मार म्हनत न्हाई. एवढी एक रेघ ठिवलीया. तिच्या अलीकडं सरकार सांगंल ते काम करायचं."

मला ते रावसाहेब म्हणत. सगळ्याच पोरासोरांना म्हणत, पण मला ते खरं वाटे.

त्या रेघेवर पहिला पाय ठेवला उंदरांनी. घाटाजवळ रेशनच्या धान्याचं कोठार झालं आणि गावात उंदरांची नुसती रेलचेल झाली. नगरपालिकेनं घरोघर पिंजरे वाटले. सकाळी लोक भरलेले पिंजरे कचेरीच्या मागं आणून ठेवत. तिथं पाण्याची एक टाकी होती, तिच्यात पिंजरा बुडवून धरायचा, अशी जुनी वहिवाट. अण्णांनी ती टाकी मातीनं भरून घेतली आणि तिच्यात झेंडू लावला. मग या पाहुण्यांचं करायचं काय?

त्या काळी संस्थानात कुणी चळवळ्या माणूस जास्त बोलायला लागला की त्याला हद्दपार करत, म्हणजे नदीपलीकडे सोडून देत. अण्णांनी तोच कायदा उंदरांना लावला. रोज सकाळी पिंजरे नावेत घालायचे, पलीकडच्या काठाला उतरायचं आणि बाभळीच्या झाडीत उंदीर मोकळे करायचे. गावातले उंदीर कमी झाले, कुणाचा जीव गेला नाही, नगरपालिकेचा हुकूम पाळला आणि अण्णांची रेघही राहिली. मला ही युक्ती इतकी आवडली की ती माझीच आहे असं मी दोन-तीन ठिकाणी सांगून टाकलं.

नाव शिदूची होती. शिदू नावाडी पलीकडच्या काठावर झोपडी करून राहायचा, तो आणि त्याची बायको आनशी. मूलबाळ नव्हतं. पहिल्या दिवशी पिंजरे बघून शिदू म्हणाला, "अण्णा, आजपतूर मानसं नेली, बैल नेलं, नवरा-नवरी नेली. ह्ये वऱ्हाड पयलंच हाय."

मला उंदरांची भीती वाटते. विज्ञान शिकलेल्या माणसाला वाटू नये, पण वाटते. एकदा अण्णांनी दार उचललं आणि आतला एक थोरला उंदीर झाडीकडे जायचं सोडून माझ्याकडे आला आणि धोतरात शिरला. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. शिदूच्या म्हणण्यानं अलीकडच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो आणि उंदीर पोहून केव्हाच काठाला लागला होता. आनशी हसता हसता खाली बसली. तिनं शिदूचं धोतर आणून दिलं आणि म्हणाली, "उंदराला बी कळतंय बगा, कोन भितंय ते." अण्णा माझ्याकडे पाहून गंभीरपणे म्हणाले, "भ्याला असंल बिचारा." ते कुणाबद्दल बोलले ते मी विचारलं नाही.

या आनशीनं अण्णांचं एक व्रत स्वतःहून उचललं होतं. रोज उन्हातून आलेला माणूस आपल्या दारातून कोरडा जातो, हे तिला बरं वाटेना. पहिल्यांदा तिनं तांब्या पुढं केला तेव्हा अण्णांनी खिशातलं फडकं काढलं. तिनं ते नीट पाहून घेतलं. पुढच्या खेपेला तिच्याकडे धुतलेलं, दुहेरी घडीचं स्वतःचं फडकं होतं आणि पाणी गाळून झाकून ठेवलेलं होतं. गाळून झाल्यावर फडकं पाण्यात उलटं झटकायचं, म्हणजे त्यातले जीव पुन्हा पाण्यात जातात, हेसुद्धा ती शिकली. अण्णा कुणाच्या हातचं पाणी सहसा घेत नसत. तिच्या हातचं घ्यायला लागले. तिच्या दारात खाली बसून, सावकाश, पेला दोन्ही हातांनी धरून प्यायचे.

पलीकडचे शेतकरी कुरकुर करायला लागले. शिदूनं निरोप दिला, "अण्णा, लोक म्हनत्यात, राज्य तुमच्या राजाचं आन् उंदरं आमच्या शेंगात. ह्यो कुटला न्याय?" अण्णा ओशाळले. तेव्हापासून पिंजरे उचलून ते आणखी आत, गायरानाच्या टोकापर्यंत जाऊ लागले. मीही जात होतो, एका हातात पिंजरा शरीरापासून लांब धरून. लांबून पाहणाऱ्याला मी कंदील घेऊन चाललोय असं वाटत असावं.

दिवाळी झाली आणि आमच्या कोठारात उंदीर पडायला लागले. मांजरानं न धरता उंदीर आपसूक झिंगून मेला की आमच्याकडची म्हातारी माणसं भांडी बांधायला घेतात. प्लेग आला होता. गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला गेलं. पण पहिलं माणूस आमच्या गावातलं पडलं नाही. पलीकडच्या काठावर आनशीला ताप भरला आणि काखेत गाठ आली.

अण्णा रोज जात. डॉक्टरला घेऊन गेले, औषध घेऊन गेले. मी नावेतच बसत असे. मला नाव सांभाळायला सांगितलं होतं असं मी म्हणतो, पण नाव बांधलेली असायची. शेवटच्या दिवशी ते झोपडीबाहेर बसले होते, आणि आतून आनशी शिदूला म्हणत होती, "अण्णास्नी पानी दे. गाळून दे." तिचा आवाज मला काठापर्यंत ऐकू आला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

शिदूनं अण्णांना एका शब्दानंही दोष दिला नाही. उलट तोच समजूत घालत होता. "अण्णा, तुमच्या उंदरांनी न्हाई झालं. तिकडनं गुळाच्या गाड्या येत्यात, त्यातनं आलं आसंल." डॉक्टरचंही तेच मत होतं.

"आसंल बी," अण्णा म्हणाले. "नसंल बी."

मला सांत्वन करायचं होतं म्हणून मी पुस्तकात वाचलेलं, पिसवा आणि जंतू यांच्याबद्दलचं थोडं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मी त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं मॅट्रिकला नव्हतं.

मग वरून हुकूम आला. बिळाबिळात विषारी भुकटी पंपानं फुंकायची आणि बीळ ओल्या मातीनं लिंपून टाकायचं. एकही घर सोडायचं नाही. आमचे चीफ ऑफिसर पुण्याकडचे, भले गृहस्थ. त्यांनी अण्णांना बोलावलं, मीही गेलो. ते म्हणाले, "अण्णा, मला तुमच्या धर्माच्या आड यायचं नाही. तुम्ही महिनाभर रजेवर जा. हे काम हा करील." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहायचं मला सुचलंच नाही. मी हंगामी इन्स्पेक्टर होणार होतो. माळावरच्या झोपडीत परत आल्यावर मी आईचं पातेलं डोक्यावर घालून सोला हॅट कशी दिसेल ते आरशात पाहिलं. बरी दिसत होती. आई म्हणाली, "भात कशात करू मग?"

त्याच दिवशी अण्णांचे थोरले भाऊ गावाहून आले होते. नोकरी सोड आणि शेतावर चल, जीव मारून कुणी मोठं होत नाही, असं त्यांनी झोपडीच्या दारातच सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी शेजारच्याच झोपडीत होतो. अण्णा एवढंच म्हणाले, "दादा, माजी रेघ राखायला मी ते उंदीर दुसऱ्याच्या दारात सोडलं. आता पापच दुसऱ्याच्या दारात सोडू व्हय?"

सकाळी कचेरीत अण्णा माझ्या आधी हजर होते. पंप पाठीला होता. सोला हॅट माझ्या टेबलावर ठेवलेली आणि त्यांच्या डोक्यावर नुसती पांढरी टोपी.

मी म्हटलं, "अण्णा, तुमची रजा?"

"रजा घेऊन पाप चुकत न्हाई वं. त्येची नुसती बदली हुतीया, तुमच्या नावावर. तुमी ल्हान हाय."

"आणि हॅट?"

"ऱ्हाऊ द्या हितंच. सरकारची टोपी घालून मारलं तर सरकारनं मारलं आसं वाटंल मला. मी मारनार हाय."

ती हॅट दिवसभर टेबलावर होती. संध्याकाळी कचेरीत परत आलो तेव्हा आसपास कुणी नव्हतं. पण घालून बघावीशी वाटली नाही.

जैन लोक भाद्रपदात, आपलं पर्व संपलं की, भेटेल त्याला हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल त्याची ती माफी. अण्णा प्रत्येक बिळाशी उकिडवे बसत, हात जोडत, 'उत्तम क्षमा' म्हणत आणि मग पंपाची नळी आत घालत. नळी एकदाही चुकली नाही. माती लिंपायचं कामही त्यांनी दुसऱ्याला करू दिलं नाही. मी घमेलं धरून मागं असायचो. पहिल्याच घरात मला घेरी आली आणि लोकांनी अंगणात निजवून मला कांदा हुंगवला. अण्णा पंप घेऊन बाहेर आले, माझ्याजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "रावसाहेब, ह्ये पुस्तकात न्हवतं न्हवं?" त्या सगळ्या दिवसांत ते एवढंच एकदा हसले.

काम सावकाश चाललं, चीफ ऑफिसर चिडले, पण एकही बीळ राहिलं नाही. मग अण्णा नावेत बसून पलीकडे गेले. तो मुलूख आमचा नव्हता, तिथं आमचा हुकूम चालत नव्हता आणि तिथल्या साहेबानं आम्हाला बोलावलंही नव्हतं. शिदूच्या झोपडीपासून गायरानापर्यंतची सगळी बिळं त्यांनी तशीच हात जोडून बुजवली. फेब्रुवारीत लोक माळावरून परत घरी आले. आमच्या गावात माणसं गेली, पण आजूबाजूच्या गावांच्या मानानं फार थोडी.

नगरपालिकेनं अण्णांचा सत्कार ठरवला. अण्णांनी मला पाठवलं. अध्यक्षांनी भाषणात अण्णांच्या शौर्याचं वर्णन केलं आणि शाल माझ्या अंगावर घातली. मी ती अण्णांकडे नेली तेव्हा ते म्हणाले, "तुमीच पांगरा. थंडी हाय." मी पांघरली. अजून आहे माझ्याकडे, कसर लागलेली. कसरीला मी काही करत नाही, एवढा परिणाम माझ्यावर झालाय.

ते आपल्या मुनींकडे जाऊन प्रायश्चित्त घेऊन आले. काय घेतलं ते कुणाला सांगितलं नाही. पण पुढं एकदा त्यांच्या घरी जेवताना माझ्या लक्षात आलं की त्यांच्या ताटात मीठ वाढत नाहीत. मी खुळ्यासारखा म्हणालो, "वहिनी, अण्णांना मीठ राहिलं." वहिनी आत निघून गेल्या. मरेपर्यंत अण्णांनी मीठ खाल्लं नाही.

आणि दर भाद्रपदात, पर्व संपल्याच्या दिवशी, ते शिदूकडे जात. कृष्णा भरलेली असली तरी जात. मीही बरोबर असे, सवयीनं. शिदू नाव बांधून दारात येऊन उभा राहायचा. अण्णा त्याच्यासमोर हात जोडून म्हणत, "शिदू, उत्तम क्षमा." या दोन शब्दांना समोरच्यानंही तेच म्हणायचं असतं. शिदूला ते ठाऊक होतं, मीच त्याला सांगितलं होतं. पण तो म्हणत नसे. तो म्हणायचा, "बसा अण्णा. पानी गाळून ठिवलंय." आत आनशीचं ते दुहेरी फडकं दोरीवर वाळत असायचं. अण्णा खाली बसून, पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायचे आणि आम्ही परत फिरायचो. अलीकडच्या घाटावर उतरलो की मला शिदूचा राग यायचा. एवढा माणूस हात जोडतो आणि याच्या तोंडून दोन शब्द निघत नाहीत. मी एकदा तसं बोललोही. अण्णा म्हणाले, "त्येचं गेलंय. त्येला जवा यील तवा."

पुढं संस्थान गेलं, खालसा गेलं, नदीच्या दोन्ही बाजूंना एकच राज्य आलं. अण्णांच्या जागेवर मी इन्स्पेक्टर झालो. हॅट मला मोठी होत होती. एका पावसाळ्यात अण्णा त्यांच्या शेतावर वारले. नदीला पूर होता, नाव बंद होती, आणि शिदूला कुणी कळवलं नव्हतं.

त्या भाद्रपदात पर्व संपलं त्या दिवशी मी एकटाच घाटावर गेलो. शिदूनं नाव आणली, माझ्या मागं कुणी उतरतंय का ते पाहिलं आणि वल्हं मारायला लागला. झोपडीत तांब्या झाकून ठेवलेला होता. अण्णा गेल्याचं मी सांगितलं. शिदू उंबऱ्यावर बसला. तो फडक्याची घडी घालत होता आणि मोडत होता.

"दोन शब्द तेवढे म्हणायला हवे होतेस, शिदू," मी म्हणालो. मला राहवलं नाही. "वाट बघत होते रे ते."

"मला बी कळत हुतं," शिदू म्हणाला. "मी पयल्या सालीच क्षमा केली हुती त्यास्नी. आनशी गेली त्याच दिशी केली म्हना. पर तसं तोंडानं बोललो आसतो तर त्यांचं काम झालं आसतं." त्यानं घडी पुन्हा मोडली. "मग हिकडं कोन आलं आसतं?"

शिदूनं तांब्यावरचं झाकण काढलं, पेला भरला आणि माझ्यापुढं केला. मी एरवी उभ्यानं घटाघटा पाणी पितो. त्या दिवशी खाली बसलो आणि पेला दोन्ही हातांनी धरला.